‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोणाच्या वावरात?

१५ जून २०२२ ला मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक ओळ लिहिली : ‘येत्या ४ दिवसांत पाऊस.’ अक्षर ठळक, खाली दोन रेघा. पदर सांभाळत, पारावर बसलेल्या माणसांकडे पाठ करून लिहिली आणि झपाट्याने घरी आले. कृषीसखी म्हणून, म्हणजे गावात शेतीची माहिती पोचवणारी बाई म्हणून, माझं ते पहिलंच वर्ष होतं. सुनेनं पारावर उभं राहून पावसाचं सांगायचं, हे गावालाही नवं होतं नि मलाही.

हवामान विभागाच्या पत्रकात खरं तर असं होतं : ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.’ त्यातले ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द मी गाळले. फळा लहान होता आणि लोकांना एवढं लांबलचक कशाला सांगायचं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास पाऊस झाला. मातीचा वास सुटला, पोरं नाचली. माझे चुलत सासरे, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांनी दुसऱ्या दिवशी मजूर लावून अडीच एकरांत सरकी लावली. पाच पाकिटं, ८१० रुपयांचं एक. विहीर नाही, सगळं कोरडवाहू. त्यानंतर तेरा दिवस नुसता वारा. ढग यायचे, सावली पडायची, निघून जायचे. काही कोंब वर आले आणि करपले, बाकीचं बी जमिनीतच गेलं.

तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओट्यावर येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बेटा, फळावर तूच लिखेल व्हतं ना?” मी हो म्हणाले. ते म्हणाले, “मी नुसतं इचारी राहिनू,” आणि उठून गेले. पुढचं पूर्ण वर्ष त्या वाक्यानं माझा पिच्छा सोडला नाही. नंतर मी जे काही शिकले, ते त्याच्यामुळे शिकले.

आमचं गाव पारोळा तालुक्यात. जळगाव जिल्हा म्हटला की बाहेरच्यांना रावेर-यावलच्या केळीच्या बागा दिसतात. तिकडे तापीकाठचं पाणी आहे, सातपुड्याचा आधार आहे. आमच्याकडे काळी जमीन आहे, कपाशी आहे, खाली उडीद-मूग, मका, बाजरी, ओल राहिली तर रब्बीला दादर, म्हणजे ज्वारी. आणि पाऊस बेभरवशाचा. एका शिवारात पाट वाहतात आणि नाल्यापलीकडे धूळ उडते, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. तरी मी ‘तुरळक ठिकाणी’ गाळलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या हिवाळ्यात कृषी विज्ञान केंद्रात दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मी शेवटच्या बाकावर बसले होते. हवामानाचे सर फळ्यावर तक्ता काढत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता, कारण पत्रकातल्या ज्या शब्दांना मी शोभेचे समजले होते, त्या प्रत्येकाला माप होतं. तुरळक ठिकाणी म्हणजे भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०. बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५. त्याच्या वर गेलं की बहुतांश ठिकाणी. म्हणजे मी जे लिहायला हवं होतं ते इतकंच : चार गावांपैकी फार तर एका गावात.

पावसाच्या प्रमाणाचंही तसंच. २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, त्यापुढे ११५.५ पर्यंत मुसळधार. हा ‘मध्यम’ शब्द शेतकऱ्याला फार फसवतो. १६ मिलिमीटर झाला तर ढेकूळ फुटत नाही, ६० झाला तर बांध फुटतो, आणि दोन्ही मध्यमच. शिवाय ढगांचा आकडा असतो, शून्य ते आठ. आकाशाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती झाकले ते सांगायचं. पत्रकात ढग ७ दिसले की आमची माणसं खूश व्हायची. ढग सात असून पाऊस शून्य असू शकतो, हे समजावायलाच मला एक हंगाम लागला.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांना तात्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, “तुमच्या गावात त्या दिवशी किती पाऊस झाला होता?” मी म्हटलं, अर्धा तास. ते हसले नाहीत. म्हणाले, “अर्धा तास हे घड्याळाचं माप झालं, ताई. पावसाचं सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. पण गावात मोजतंय कोण? महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र आमच्यापासून अकरा किलोमीटरवर. तिथला पाऊस तिथला.

येताना मी एक प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक घेऊन आले. आधी ते आमच्या खळ्यात लिंबाखाली खांबाला बांधलं. सरांना फोटो पाठवला तर लगेच फोन आला, “झाडाखालून काढा. पानांवरून टपकतं तेही त्यात पडेल आणि आडवा पाऊस पडणारच नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब पाहिजे.” मग ते जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात, कोपऱ्यात, कुंपणाच्या आत बसवलं. सकाळी साडेआठला मोजायचं, रोज, पाऊस नसला तरी. शून्यही लिहायचं. पाचवी-सहावीच्या मुली हे काम करू लागल्या. डोळे पाण्याच्या पातळीला आणायला गुडघ्यावर बसायचं, कडेला पाणी चढलेलं दिसतं ते धरायचं नाही, मधली खालची रेघ धरायची. एकदा ऐन पावसात आकडा फार कमी आला. बघितलं तर नाकतोडा नळकांड्याच्या तोंडाशी अडकून मेला होता. तेव्हापासून मुली वहीत शेरा लिहितात : ‘भांडे साफ होते.’

मोजणीबरोबर मी दुसरी एक सवय लावून घेतली. पाऊस थांबला की खुरपं घेऊन वावरात जायचं आणि ओल किती खोल गेली ते बोटांनी बघायचं. १५-२० मिलिमीटरला आमच्या काळ्या जमिनीत तीन-चार बोटं. खाली सगळं गरम, कोरडं. तात्यांची सरकी याच चार बोटांच्या भरवशावर होती.

मला सगळ्यात अवघड गेलं ते ‘शक्यता’ सांगणं. माणूस विचारतो, पानी येई का नई येई, तेवढं सांग. त्याला हो किंवा नाही हवं असतं. मी हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. आणि ‘सांगता येत नाही’ म्हटलं तर मग फळा कशाला?

उत्तर मला पिठाच्या गिरणीत सापडलं. पारावर बायका येत नाहीत, पण गिरणीत सगळ्या येतात आणि दळण होईपर्यंत बसतात. मी फळा तिथेच हलवला. एका सकाळी मी दहा चिंचोके घेऊन ओट्यावर बसले. म्हटलं, गेली दहा वर्षं आठवा, एक चिंचोका म्हणजे एक वर्ष. कोणकोणत्या वर्षी मृगात-आर्द्रात पहिला पाऊस होऊन मग खंड पडला आणि पुन्हा पेरावं लागलं? कोणाला साल आठवेना, पण सगळ्यांना काहीतरी आठवत होतं. “माझ्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी.” “नोटा बंद झाल्या त्या वर्षी नाही, त्या वर्षी पाणी चांगलं होतं.” “मन्याच्या वेळी मला सातवा होता आणि मी दुसऱ्यांदा सरकी लावत होते, माय वं, ते कसं विसरेन!” चिंचोके इकडून तिकडे सरकत गेले. शेवटी चार एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला. गिरणीवाल्या वहिनींनी पट्टा बंद केला आणि सगळ्या जणी त्या चार चिंचोक्यांकडे बघत राहिल्या. दहातली चार वर्षं बी मातीत गेलं होतं. प्रत्येकीनं ते आपापल्या घरचं नशीब समजून सोसलं होतं.

तेव्हापासून आम्ही अंदाज चिंचोक्यांत सांगतो. ‘तुरळक ठिकाणी’ असेल तर दोन चिंचोके पावसाचे, आठ कोरडे. ‘काही ठिकाणी’ असेल तर चार. ‘बहुतांश’ असेल तर आठ-नऊ. हे शास्त्राला तंतोतंत धरून नाही, पण सरांना विचारलं तर ते म्हणाले, हाताशी धरायला चालेल.

यातून जी गोष्ट उलगडली ती प्रशिक्षणातही कोणी सांगितली नव्हती. एकाच अंदाजाचं उत्तर प्रत्येकाला वेगळं येतं. समजा, चार चिंचोके पावसाचे आहेत. फवारणी करणाऱ्याला चार पुष्कळ झाले, त्यानं थांबावं, कारण औषध मारल्यावर चार-सहा तासांत पाऊस आला तर ते धुऊन जातं आणि दिवस वाया जातो. थांबण्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. पण कोरडवाहू पेरणाऱ्याला चार फार कमी, त्यानं आठची वाट बघावी. आणि ज्याच्याकडे विहीर आणि ठिबक आहे, त्याला चिंचोके मोजायचं कारणच नाही. तात्या आणि त्यांचा बांधाशेजारी यांना मी २०२२ ला एकच ओळ दिली होती. शेजाऱ्याला ती पुरली.

म्हणून मी आता ‘पाऊस येईल का’ याचं उत्तर देत नाही. आधी विचारते, उद्या काय करायचं मनात आहे?

२०२३ नं आमची पुरती परीक्षा घेतली. जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ आलं आणि पाऊस लांबला. मृग कोरडा गेला. पारावरची जुनी माणसं नक्षत्राचं वाहन काय, कोल्हा की बेडूक, यावर बोलत होती. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही, घालणारही नाही. ज्या माणसानं साठ पावसाळे वावरात काढले, त्याच्याकडे नक्षत्र ही दिनदर्शिका आहे. पत्रकातल्या तारखा त्याच्या डोक्यात राहत नाहीत, नक्षत्रं राहतात. म्हणून मी फळ्यावर लिहिलं : ‘आर्द्रा लागेपर्यंत पेरणीचा विचार नको. वापसा आणि ७५ मिमी झाल्यावर बोलू.’ वापसा म्हणजे पावसानंतर जमीन पेरण्याजोगी होणं, चिखलही नाही आणि कोरडीही नाही. आर्द्रा २२ जूनला लागलं. २५ जूनला मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला आणि त्याच सुमारास आमच्याकडेही सरी सुरू झाल्या. ज्यांनी उडीद-मुगाचं बी घेऊन ठेवलं होतं त्यांना मी तारीख दिली : जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरणी झाली नाही तर उडीद-मूग सोडा, मका किंवा तुरीकडे वळा. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

मग ऑगस्ट आला. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं आणि दोन्ही वेळा तेच : कोरडे हवामान. मुली वहीत शून्य लिहीत होत्या. शून्य, शून्य, शून्य, पुढे ‘भांडे साफ होते’. मला फळ्यापाशी जाववत नव्हतं. रोज काय तेच लिहायचं? पण गिरणीतल्या वहिनी म्हणाल्या, “लिहित जा. नाही लिहिलं तर माणसं आशेवर पैसे घालतात.” खरंच होतं. युरियाची दुसरी मात्रा देण्याची वेळ झाली होती आणि लोक गोण्या घेऊन तयार होते. कोरड्या जमिनीत टाकून उपयोग नाही, पाच दिवसांत पावसाचा एकही चिंचोका नाही, हे रोज दिसत राहिलं म्हणून बऱ्याच जणांनी गोण्या घरातच ठेवल्या. त्याऐवजी कोळपणी केली. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते, हे आमच्या माणसांना मी सांगायची गरज नव्हती. फक्त अजून आठ दिवस पाणी नाही हे कळलं की कोळपं आजच जुंपायचं हे ठरतं. विहीरवाल्यांनी एक आड एक सरी पाणी दिलं. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला तेव्हा त्या गोण्या वावरात गेल्या.

सगळं वाचलं असं नाही. तात्यांना त्या वर्षी एकरी कापूस कमीच झाला. पण पाकिटं एकदाच घेतली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माझी आणखी एक चूक लक्षात आली. अवकाळी पावसाचा इशारा दोन दिवस आधीच आला होता. मी तो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला, निळ्या खुणाही पटापट आल्या. तरीही त्या रविवारी फुटलेला कापूस झाडावर होता आणि ओला झाला. का? गटात सगळे पुरुष. वेचणी करतात बायका. उद्या कोणाच्या वावरात किती जणी जायच्या हे आदल्या संध्याकाळी बायकाच ठरवतात, आणि त्यांच्यातल्या निम्म्याजणींकडे स्वतःचा फोन नाही. इशारा बरोबर होता, वेळेत होता आणि चुकीच्या हातात होता. ओला कापूस व्यापारी कसा हातात धरून टाकून देतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय सांगू.

आता संध्याकाळी सहाला मी चाळीस सेकंदांचा आवाज पाठवते, अहिराणीत. टोळीच्या प्रत्येक मुकादमीण बाईला आणि बचत गटाच्या पाच जणींना. त्या गल्लीत ओट्यावर फोन मोठा करून लावतात. “सकाय फवारा मारू नका, वारा शे. परवा पानी, आठ चिंचोका. फुटेल कापूस सकायच येची ल्या.” विजेचा धोका असला तर तो सगळ्यात आधी सांगते, कारण दुपारी वीज कडाडायला लागली की बायका लिंबाखाली जमतात आणि ते मोडायला मला जास्त बोलावं लागतं.

फळ्यावरही काही बदल केले. पहिल्या दोन दिवसांचा अंदाज जाड खडूनं, पुढच्या तीन दिवसांचा बारीक. जितका दिवस लांब तितका भरवसा कमी, हे सांगावं लागत नाही, दिसतं. आणि दर सोमवारी मागच्या आठवड्याचा हिशोब : अंदाज काय होता, आपल्या भांड्यात काय पडलं. चुकला तिथे लाल खूण. पहिल्या महिन्यात लाल खुणा खूप होत्या आणि मला वाटलं, आता कोणी विश्वास ठेवणार नाही. उलट झालं. पारावरची माणसं गिरणीपर्यंत चालत येऊन लाल खुणा मोजू लागली. कोणत्या प्रकारचा अंदाज आपल्याकडे जास्त चुकतो ते आता त्यांना माझ्याआधी कळतं. वळवाच्या सरी चुकतात, झड, म्हणजे लागून राहणारा पाऊस, सहसा चुकत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या नावानं अंदाज मिळू लागलाय, पाच दिवसांचा. पुढच्या मे महिन्यात हवामान विभागानं ६ किलोमीटरच्या एकेका चौकटीचा अंदाज काढणारं नवं प्रारूप सुरू केलं, आधी ती चौकट १२ किलोमीटरची होती. मी हे तात्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मना वावर त्यामा कितला?” सहा किलोमीटरच्या चौकटीत आमच्यासारखी चार-पाच शिवारं बसतात. म्हणून शाळेतलं भांडं काढायचं नाही.

२०२५ चा मे आठवा. मान्सून २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत. आमच्याकडेही मे महिन्यात असा पाऊस झाला की नाले वाहिले. वही सांगत होती, ७५ च्या वर गेलंय. वापसाही आला. माणसं म्हणाली, तूच म्हणतेस ना ७५, मग आता काय? मला रात्री झोप नव्हती. नियम पूर्ण झाला होता, पण पत्रक सांगत होतं की मान्सूनची पुढची चाल मंदावणार, जूनच्या मध्यापर्यंत मोठा पाऊस नाही. शिवाय १ जूनच्या आधी कपाशी लावली तर गुलाबी बोंडअळीला लवकर पातं-फूल मिळतं, हे वेगळंच. मी फळ्यावर पहिल्यांदा लांबलचक लिहिलं : ‘हा पाऊस वळवाचा धरा. पुढचे पंधरा दिवस दोनच चिंचोके. विहीर नसेल तर थांबा. विहीर असेल तरी १ जूनच्या आत नको.’

आमच्या गल्लीतल्या एका तरुण पोरानं २९ मेला सरकी लावली. विहीर नाही. आणि ७ जूनच्या संध्याकाळी त्याच्याच शिवारावर एक सर पडली, शाळेच्या भांड्यात त्या दिवशी शून्य. त्याची कपाशी जगली. दहा दिवसांनी तो गिरणीत येऊन म्हणाला, “वहिनी, बघा, माझी चांगली उभी राहिली, तुमचं ऐकलं असतं तर?” मी म्हटलं, “दोन चिंचोके होतेच ना भाऊ, ते तुझ्या वावरात पडले. मी शून्य म्हटलं नव्हतं.” तो काही बोलला नाही. त्याच्या नाल्यापलीकडे ज्या दोघांनी त्याच दिवशी लावली होती, त्यांची गेली. तेही गिरणीत होते.

१६ जूननंतर पाऊस पुन्हा चालू झाला. १९ तारखेला सकाळी मी वावरात गेले तर तात्या आधीच तिथे. उकिडवे बसून खुरप्यानं खड्डा करत होते. त्यांनी वीत घातली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ओली माती. मूठभर उचलून दाबली, मुटका झाला, हलकेच टाकला तर फुटला. वापसा.

“आज कितला चिंचोका?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या चार दिवसांत आठ, तात्या. पण तिसऱ्या दिवसापासून बारीक खडू आहे.”

ते जरा वेळ पश्चिमेकडे बघत राहिले. मग म्हणाले, निम्मं आज लावू, निम्मं चार दिवसांनी. मजूर बायकांना तूच सांग, तुझं ऐकतात.